फुलाची हद्द

माझी भाची जास्वंदीच्या फुलाची आकृती काढत बसली होती. पुस्तकातील आकृतीवरून न काढता समोर ठेवलेल्या फुलावरूनच काढायची, असा तिचा हट्ट होता, आणि त्यामुळेच ती अडली. पुस्तकात पाकळ्यांच्या खाली हिरव्या निदलांचे एकच वर्तुळ दाखवलेले होते. तिच्या हातातील फुलाला मात्र अशी दोन वर्तुळे होती. आतले वर्तुळ बुडाशी जोडलेले आणि वर पाच टोकांत दुभंगलेले, तर त्याच्या बाहेर अरुंद, सुट्या, हिरव्या पट्ट्यांचे आणखी एक कडे. त्याच्याही खाली, देठावर, एक बारीक सांधा दिसत होता. पेन्सिलीचे टोक त्या बाहेरच्या कड्यावर टेकवून तिने विचारले, “मावशी, हे फुलाचं की देठाचं? फूल नेमकं कुठून सुरू होतं?” बाहेरच्या पट्ट्या म्हणजे छदे, फुलालगतची बदललेली पाने, आणि फूल सुरू होते ते देठाच्या फुगीर टोकापासून, म्हणजे पुष्पासनापासून, असे मी तिला सांगितले. तिने तसे बाण काढले, नावे लिहिली, आकृती पूर्ण केली आणि ती उठून गेली. तिचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. ज्या रेषेच्या अलीकडे देठ आणि पलीकडे फूल, अशी एखादी रेषा झाडाच्या अंगावर खरोखर कोठे असते का, याचा विचार मी त्यानंतर पुष्कळ केला.

जास्वंदीचे फूल या प्रश्नासाठी फार चांगले आहे, कारण त्यात सारे काही मोठे आणि उघडे असते. देठावरचा तो सांधा बोटाने चाचपला तर कळतो; कोमेजलेले फूल बहुधा तेथूनच गळते, म्हणजे झाडाच्या हिशेबाने सुटणारा भाग तेथून सुरू होतो, छदे वा निदले असतील तेथून नव्हे. पाच पाकळ्या एकमेकींवर अशा चढलेल्या असतात की प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली असते. पाकळी ओढून काढू गेल्यास ती एकटी निघत नाही, कारण ती बुडाशी मधल्या नळीला चिकटलेली असते. ही नळी म्हणजे पुंकेसरांचे तंतू एकमेकांना जोडले जाऊन झालेली नलिका. तिच्या वरच्या भागातून बारीक तंतू बाहेर पडतात आणि प्रत्येकाच्या टोकाला मूत्रपिंडाच्या आकाराचा एक परागकोश असतो. बोट लावले तर पिवळे परागकण बोटावर उतरतात आणि ते इतके ठसठशीत असतात की भिंगावाचूनही वेगवेगळे दिसतात. नळीच्या टोकाला पाच मखमली ठिपके असतात, ती पराग झेलणारी कुक्षी. ही कुक्षी नळीवर बसवलेली नसते. नळी ब्लेडने उभी चिरली तर आतून जाणारा पांढरट कुक्षिवृंत सापडतो, आणि तो धरून खाली उतरत गेले की पाकळ्यांच्या बुडाशी दडलेला, मोहरीहून थोडा मोठा, हिरवा अंडाशय हाती लागतो. नर अवयवांच्या पोटातून मादी अवयवाची वाट जाते, हे चिरून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. बोटे बुळबुळीत होतात, पाकळ्यांचा रंग नखांत उतरतो, आणि इतके सुबक काही आपण उलगडले याचा आनंद आणि आता ते पुन्हा जुळणार नाही याची चुटपुट, या दोन्ही भावना एकाच वेळी मनात असतात.

हद्दीचा प्रश्न जास्वंदीपाशी जितका अवघड आहे, त्याहून तो बोगनवेलीपाशी अवघड होतो. ज्यांना आपण बोगनवेलीची गुलाबी फुले म्हणतो ती छदे आहेत; खरी फुले त्या तीन कागदी छदांच्या आत असलेल्या तीन बारीक, फिकट नळ्या, आणि प्रत्येक नळीचा देठ आपापल्या छदाच्या मधल्या शिरेला चिकटलेला असतो. तेथे पानाने फुलाला अक्षरशः अंगावर घेतलेले असते. सूर्यफुलात उलट प्रकार: आपण ज्याला एक फूल म्हणतो ती शेकडो फुलांची वस्ती असते आणि कडेची प्रत्येक पिवळी ‘पाकळी’ हे स्वतंत्र फूल असते. पण या सगळ्यांत मला सर्वाधिक चकित केले ते पॉइन्सेटियाने. त्याची लाल पाने फूल नव्हेत, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्या पानांच्या मध्यभागी हिरव्या, गोलसर, वाटाण्याएवढ्या कुप्या असतात, कडेला पिवळ्या ओठासारखी मधुग्रंथी असलेल्या, आणि त्यांच्यातून लाल केसर डोकावतात. पाहणारा सहज म्हणेल की ही कुपी म्हणजे फूल आणि हे त्याचे पुंकेसर. भिंगाखाली त्यातील एकेक केसर धरून पाहिला की त्याच्या दांडीवर एक सांधा दिसतो. त्या सांध्याच्या खालचा भाग फुलाचा देठ आहे आणि वरचा भाग पुंकेसराचा तंतू. म्हणजे प्रत्येक केसर हेच एक पूर्ण नरफूल आहे. निदल नाही, पाकळी नाही, एक देठ आणि त्यावर एकटा पुंकेसर. तेथे फूल कोठून सुरू होते हे सांगायला त्या सांध्याखेरीज दुसरे काहीही नसते.

महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक सर आम्हांला प्रत्येक वेळी एकच गोष्ट करायला लावत. कोणतीही फांदी हाती दिली की ते म्हणत, “आधी बेचकं शोधा.” पान जेथे खोडाला मिळते त्या बेचक्यात एक कळी असते, कधी फुगलेली, कधी टाचणीच्या टोकाएवढी, कधी सालीखाली जवळजवळ बुजलेली, पण असते. खोडावर ज्या ठिकाणी पान येते ते पेर, दोन पेरांमधले ते कांडे, आणि पानाच्या बेचक्यात कळी, एवढा एकच नियम धरून त्यांनी आम्हांला झाडे वाचायला शिकवले. गुलाबाची पाच छोटी ‘पाने’ ही पाच पाने नसून एकच पान आहे, हे त्या नियमाने सिद्ध होते, कारण त्या पाच पर्णिकांपैकी एकीच्याही बेचक्यात कळी नसते. कळी असते ती सगळ्यांच्या मुख्य देठाच्या तळाशी. बोगनवेलीचा काटा पानाच्या बेचक्यातून निघतो, म्हणून तो फांदीचे रूप. निवडुंगाचा काटा हे पानाचे रूप. आणि गुलाबाचा काटा बेचक्याची पर्वा न करता सालीवर कोठेही उगवतो आणि अंगठ्याने आडवा रेटला की निखळून पडतो, म्हणून तो यांपैकी काहीच नाही, केवळ सालीचा उंचवटा. बटाट्यावरचे डोळे हे पेरांवरच्या कळ्या असतात, म्हणून मातीत राहूनही बटाटा खोड ठरतो, तर रताळ्यावर पेरे नाहीत, म्हणून ते मूळ. अवयवाचा रंग, आकार, काम, यांतले काहीही पाहू नका, तो कोणाच्या बेचक्यात आहे आणि त्याच्या बेचक्यात कोण आहे ते पाहा, असे सर सांगत. ते ऐकताना मला माणसांच्या वंशावळी आठवत असत.

मुळाला मात्र हा नियम लागत नाही. त्याला पेर नाही, पान नाही, बेचके नाही. उपमुळे फुटतात तीही आतल्या थरातून, साल फोडून. टोकाशी मूलटोपी, तिच्या मागे वाढीचा भाग, आणि त्याच्या मागे मूलरोम, म्हणजे मुळावरचे केसासारखे बारीक तंतू, एवढाच त्याचा साधा संसार, पण तो आवाक्यात मात्र प्रचंड. १९३७ मध्ये अमेरिकेत राय या तृणधान्याचे एकच रोप पेटीत वाढवून त्याची मुळे धुऊन मोजण्यात आली, तेव्हा सर्व मुळांची एकत्रित लांबी ६०० किलोमीटरहून अधिक भरली आणि मूलरोमांची संख्या सुमारे १४ अब्ज. मी फुलांच्या मागे असल्यामुळे मुळांना येथे एवढ्यावरच सोडते आहे. ज्या भागाला कोणी पाहत नाही त्याच्यावर हा अन्यायच आहे, याची मला जाणीव आहे.

तर फुलाचे काय? फूलही बहुधा एखाद्या छदाच्या, म्हणजे पानाच्याच, बेचक्यातून निघते. जी जागा फांदीची, ती त्याची जागा. मग फूल ही एक फांदीच आहे, असे म्हणावे लागते. जिच्या पेरांमधली कांडी जवळजवळ नाहीशी झाली आहेत अशी, फोल्डिंगच्या छत्रीचा दांडा मिटल्यावर त्याचे तुकडे एकमेकांत शिरावेत तशी आखडलेली फांदी. पुष्पासन म्हणजे त्या फांदीचे खोड आणि निदले, पाकळ्या, पुंकेसर, स्त्रीकेसर (अंडाशय, कुक्षिवृंत आणि कुक्षी मिळून होणारा मादी अवयव) ही तिच्यावरची पाने. हे पटायला सोनचाफा हाती घ्यावा. त्याच्या पाकळ्या गळू लागल्या की मध्ये एक लांबट, हिरवट दांडा उरतो. त्याच्या खालच्या भागात पुंकेसर दाटीने लागलेले असतात, मग थोडी मोकळी जागा येते, आणि तिच्यावर सुटे सुटे स्त्रीकेसर. हे सगळे वर्तुळांत नसून मळसूत्री चढत गेलेले असते, एखाद्या डहाळीवर पाने चढत जातात तसे. कृष्णकमळातही एक कांडे असे उघडे राहिले आहे: निळ्या झालरीच्या मधोमध उभा राहणारा तो देठ, जो पुंकेसर आणि अंडाशय दोघांनाही उचलून वर धरतो. बाकीच्या फुलांनी जे आखडून घेतले, ते या दोघांनी थोडे दाखवले आहे. जर्मन कवी ग्योथे १७८६ मध्ये इटलीच्या प्रवासाला निघाला, तेव्हा पादुआच्या आणि पुढे पालेर्मोच्या उद्यानांत झाडे पाहताना याच विचाराने त्याला झपाटले होते, आणि १७९० मध्ये त्याने तो एका निबंधात मांडला. बीजपत्रापासून फळापर्यंत एकच अवयव रूपे बदलत जातो, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्याजवळ ते सिद्ध करण्याचे साधन नव्हते. बारकाईने पाहण्याची शिस्त मात्र होती.

हा विचार मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी थोडी हिरमुसले होते.

कारण त्या वयात फूल हे झाडाचे वेगळेपण वाटत असे, हिरव्या सर्वसाधारणतेतून अचानक वर आलेले काहीतरी; आणि ते पानच आहे असे म्हटल्यावर कोणीतरी त्याची किंमत कमी केल्यासारखे झाले. ही भावना पुढे नाहीशी झाली, पण ती युक्तिवादाने गेली नाही; एका कुमुदाने ती घालवली. कुमुदाचे फूल कडेकडून एकेक दल उचकटत आत जावे. सर्वांत बाहेरचे दल बाहेरून हिरवे आणि आतून पांढरे. त्याच्या आतली दले पूर्ण पांढरी, रुंद. मग ती अरुंद होत जातात. मग एका दलाच्या टोकाशी दोन्ही कडांना पिवळसर रेघा दिसू लागतात. पुढच्यात त्या रेघा फुगून परागकोश होतात, तरी खालचा भाग अजून पाकळीच असतो. आणि शेवटी बारीक तंतूवर परागकोश असलेला सरळसाधा पुंकेसर येतो. ही सारी दले ओळीने मांडली तर निदल कोठे संपले, पाकळी कोठे सुरू झाली आणि पुंकेसर कोठून म्हणायचा, हे बोट ठेवून सांगता येत नाही. भरगच्च गुलाबातही असेच सापडते. रानगुलाबाला पाच पाकळ्या आणि पुष्कळ पुंकेसर असतात. बागेतल्या भरगच्च गुलाबात पुंकेसरांच्या जागी पाकळ्या आलेल्या असतात, आणि अगदी आत शोधले तर अर्धवट राहिलेली एखादी पाकळी मिळते, जिच्या एका कडेला चुणी पडून तेथे परागकोशाचा पिवळा तुकडा चिकटलेला असतो. ज्या क्षणी ती पाकळी पहिल्यांदा चिमटीत धरली, त्या क्षणी हिरमोड संपला. पान इतके काही होऊ शकते, ही गोष्ट फूल काहीतरी निराळे असण्यापेक्षा मोठी वाटू लागली.

कर्दळीने तर कमालच केली आहे. तिच्या फुलात ज्या रंगीत, रुंद, मऊ पाकळ्या दिसतात, त्या पाकळ्या नाहीतच. खऱ्या पाकळ्या तीन, अरुंद, टोकदार, बऱ्याच फिकट, आणि त्या त्या रंगीत पसाऱ्याच्या मागे दडलेल्या असतात. त्यांच्याही खाली तीन बारीक निदले. तो सारा रंगीत पसारा म्हणजे पराग निर्माण करण्याचे काम सोडून पाकळीचे रूप घेतलेले पुंकेसर आहेत. त्यांतल्या एकानेच आपले मूळ काम अर्धे राखले आहे: तो एका बाजूने पाकळीसारखा पसरलेला असतो आणि दुसऱ्या कडेला एक उभा, एककप्पी, अर्धा परागकोश घेऊन उभा असतो. त्याच्या शेजारी पट्टीसारखा चपटा कुक्षिवृंत असतो, आणि फूल उमलण्याआधी, कळीतच, पराग या पट्टीवर उतरवून ठेवलेला असतो. अंडाशय या सर्वांच्या खाली, निदलांच्याही खाली, बारीक पुटकुळ्यांनी खरखरीत झालेला. पुस्तकातल्या आकृतीत अंडाशय मधोमध, पाकळ्यांच्या वर बसलेला असतो. कर्दळीत पुष्पासनच अंडाशयाला कवेत घेऊन त्याच्याशी एकजीव झाले आहे. येथे फुलाची सुरुवात कोठे मानायची? बाहेरून पाहणाऱ्याला अंडाशय हा देठाचा फुगवटा वाटतो.

ग्योथेने जे नजरेने जोखले होते, त्याला दोनशे वर्षांनी प्रयोगाचा आधार मिळाला. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या चिमुकल्या रोपावर काम करणारे अमेरिकेतील इलियट मेयरोविट्झ आणि स्नॅपड्रॅगनवर काम करणारे इंग्लंडमधील एन्रिको कोएन यांनी १९९१ मध्ये एक नमुना मांडला, जो आता ‘एबीसी’ या नावाने ओळखला जातो. फुलाच्या कळीत जनुकांचे तीन गट काम करतात. सर्वांत बाहेरच्या वर्तुळात एकटा ए असतो, तेथे निदल होते; त्याच्या आत ए आणि बी मिळून पाकळी; त्याच्या आत बी आणि सी मिळून पुंकेसर; आणि मध्यभागी एकटा सी, तेथे स्त्रीकेसर. ए आणि सी एकमेकांना आपल्या भागात येऊ देत नाहीत, आणि सी निकामी झाला तर ए सर्वत्र पसरतो. बागेतल्या भरगच्च फुलांमागे बरेचदा अशीच सी-ची गडबड असते. पण मला थरारून टाकणारी गोष्ट पुढची आहे. हे तिन्ही गट एकाच रोपात निकामी केले, तेव्हा फुलाच्या जागी जे अवयव आले ते पानांसारखे होते. आणि २००१ मध्ये उलटा प्रयोगही साधला: आणखी एका गटाची जोड देऊन योग्य जनुके पानांत चालू केल्यावर ती पाने पाकळ्यांसारखी झाली. निदल, पाकळी, पुंकेसर ही एखाद्या जागेला मिळालेली कामे आहेत, आणि काम काढून घेतले की उरते ते पान, हे यातून स्पष्ट झाले.

मात्र फूल आणि फांदी यांत एक फरक आहे आणि माझ्या मते तोच मुख्य फरक आहे. फांदीच्या शेंड्याला शेवट नसतो. तेथील विभाजी ऊती, म्हणजे सतत नव्या पेशी घडवणारा पेशीसमूह, पान काढते, कांडे काढते, पुन्हा पान काढते, आणि स्वतः मात्र तशीच शिल्लक राहते. शेकडो वर्षांच्या वृक्षाच्या टोकालाही ती कोवळीच असते. शेंडा खुडला तर खालच्या बेचक्यांतल्या कळ्या जाग्या होतात आणि त्यांतून नवे शेंडे निघतात. फुलाच्या शेंड्याला हे स्वातंत्र्य नाही. निदले, पाकळ्या, पुंकेसर आणि शेवटी स्त्रीकेसर काढता काढता तो स्वतःच संपून जातो. मधल्या स्त्रीकेसराच्या पलीकडे वाढायला काही उरत नाही. हे थांबणेही सी गटातल्याच अगॅमस नावाच्या जनुकाच्या हाती असते, कारण शेंड्याला कोवळे ठेवणाऱ्या जनुकाला ते गप्प करते. अगॅमस बिघडले की फूल थांबत नाही: निदले, पाकळ्या, पाकळ्या, मग स्त्रीकेसराच्या जागी पुन्हा एक नवे फूल, त्याच्या आत आणखी एक. गुलाबाच्या काही विकृत फुलांत तर मधूनच देठ वर निघतो आणि त्यावर पाने किंवा दुसरी कळी येते. ग्योथेने आपल्या निबंधात अशा गुलाबाचे वर्णन केले आहे. अशी फुले पाहताना मला कौतुक वाटते आणि अस्वस्थही वाटते. ती अमाप आहेत, पण त्यांना बी नाही. केळीत हा शेवट एका शेंड्यापुरता न राहता संपूर्ण खुंटाचा होतो. जमिनीतल्या खऱ्या खोडाचा शेंडा पानांच्या आवरणांतून वर चढत येतो, घड होऊन बाहेर पडतो, आणि त्यानंतर त्या खुंटाला पुढे वाढायला शेंडाच राहत नाही. शेजारचे कोंब पुढे चालू ठेवतात.

थांबायचे कधी, हे शेंड्याला पानांकडून कळते. १९२० मध्ये गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या एका वाणावरून दाखवून दिले की रोपाचा बहर दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो, आणि १९३० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल चैलाख्यान यांनी असा तर्क मांडला की दिवसाची लांबी जोखतात ती पाने, आणि त्यांच्यापासून कसला तरी निरोप शेंड्याकडे जातो. तो निरोप म्हणजे एक लहानसे प्रथिन आहे आणि ते रसवाहिन्यांतून प्रवास करते, हे २००७ मध्ये पक्के झाले. म्हणजे फूल घडते ते पानांपासून, आणि घडण्याची वेळ ठरवतात तीही पानेच.

स्त्रीकेसरही पान आहे, यावर विश्वास बसायला मला सर्वांत अधिक वेळ लागला, आणि तो बसला तो वाटाण्याच्या शेंगेमुळे. शेंग म्हणजे पिकलेला अंडाशय. तिच्या एका टोकाला वाळलेल्या निदलांची चिंधी आणि दुसऱ्या टोकाला कुक्षिवृंताची वाळकी शेपटी अजून शिल्लक असते, म्हणजे फुलाचे दोन्ही पुरावे तिने अंगावर ठेवलेले असतात. शेंगेच्या दोन कडा सारख्या नसतात. एक कड म्हणजे मधली शीर, जिच्यावर पान घडी पडून दुमडले. आणि दुसरी कड म्हणजे त्या पानाच्या दोन्ही काठांची शिवण. दाणे असतात ते फक्त या शिवणीवर. शेंग शिवणीवरून हलकेच उकलली की एक दाणा डाव्या टरफलाला, पुढचा उजव्या टरफलाला, त्यापुढचा पुन्हा डाव्याला, असे ते आळीपाळीने वाटले जातात, कारण पानाच्या प्रत्येक काठावर बीजांडांची, म्हणजे पुढे बी होणाऱ्या कणांची, आपली आपली ओळ होती आणि दोन काठ जुळताना त्या ओळी एकमेकींत बसल्या. शेंग उकलताना दाण्यांचे ते आखूड, पांढरे देठ ताणले जातात आणि मग त्यांतील काही तुटतात. हजारदा सोललेल्या शेंगांकडे ज्या दिवशी मी या नजरेने पाहिले, त्या दिवशी आकृतीतल्या ‘अंडाशय’ या बाणाला पहिल्यांदा अर्थ आला. बीज पानाच्या घडीत मिटून ठेवणे, हेच आवृतबीजी, म्हणजे फुले येणाऱ्या, वनस्पतींचे खरे वैशिष्ट्य आहे; रंग आणि गंध नंतरचे. वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या गवतांना रंगीत पाकळ्या नाहीत, पण ही घडी मात्र आहे.

घडी मिटली की परागकणाला बीजांडापर्यंत थेट जाता येत नाही, आणि म्हणूनच कुक्षी आणि कुक्षिवृंत लागतात. कुक्षीच्या ओलसर पृष्ठभागावर पडलेला परागकण रुजतो आणि त्यातून एक नलिका निघून कुक्षिवृंताच्या पेशींमधून खाली वाढत जाते. इटलीतील जोव्हान्नी बात्तिस्ता आमिची यांनी ही परागनलिका सूक्ष्मदर्शकातून पाहिली ती १८२० च्या दशकात. मक्याच्या कणसाबाहेर लोंबणारे रेशमी केस हे असेच कुक्षिवृंत आहेत, एका दाण्याला एक, आणि ते ३० सेंटिमीटरपर्यंत लांब असू शकतात; डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या कणाने टाकलेली नलिका तेवढी वाट साधारण एका दिवसात कापते. ज्या केसावर पराग पडला नाही त्याच्या तळाशी दाणा भरत नाही, आणि कणसात खळगा राहतो. नलिकेतून दोन नर युग्मके, म्हणजे नर प्रजननपेशी, येतात. एकाचे मीलन अंड्याशी होऊन भ्रूण तयार होतो. दुसरे बीजांडातील दोन केंद्रकांशी मिसळून भ्रूणाचे पोषण करणारी ऊती, भ्रूणपोष, निर्माण करते. हे दुहेरी फलन १८९८ मध्ये रशियन शास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी लिलीच्या कुळातील वनस्पतींत दाखवून दिले. त्यानंतर पाकळ्या झडतात, पुंकेसर सुकतात, आणि ज्याला आपण फूल म्हणत होतो त्यातले बहुतेक सारे मातीत जाते. पण अंडाशय राहतो, म्हणून फूल संपले असे म्हणायचे, तर तेही नेमके केव्हा, हे सांगता येत नाही.

भिजवलेल्या वाटाण्याच्या सालीवर एक लांबट व्रण दिसतो. शेंगेच्या शिवणीशी दाण्याला जोडणारा देठ तेथे होता. त्या व्रणाच्या टोकाशी एक सूक्ष्म छिद्र असते, आणि दाणा चिमटीत हळूच दाबला तर तेथून पाण्याचा थेंब बाहेर येतो. परागनलिका बीजांडात शिरते ती सहसा याच छिद्रातून, आणि बीजातील आदिमुळाचे टोकही याच छिद्राकडे वळलेले असते. साल काढून दोन्ही बीजपत्रे अलग केली की त्यांच्यामध्ये वाकलेला भ्रूण दिसतो: एका बाजूला आदिमूळ, दुसऱ्या बाजूला कोंब. भिंगाखाली त्या कोंबाच्या टोकावर अगदी बारीक, घडी घातलेली पाने मोजता येतात, आणि त्या पानांच्या मध्ये त्याचा शेंडा असतो.